वळण पालटतं ती जागा

साप कसा दिसतो असं कुणी विचारलं की बहुतेकांचं बोट हवेत एक नागमोडी रेघ ओढतं. डावीकडे फुगवटा, उजवीकडे फुगवटा, पुन्हा डावीकडे. नजरही फुगवट्यांवरच रेंगाळते, कारण देखणेपण तिथं असतं. पण ही रेघ जिथं जिथं खरोखर कामाला लागते, सापाच्या अंगात, माणसाच्या पाठीत, नदीच्या पात्रात, विटांच्या भिंतीत, तिथं तिचं बरंवाईट ठरतं ते दोन फुगवट्यांच्या मधे. डावं वळण संपलेलं असतं, उजवं अजून लागलेलं नसतं आणि रेघ थोडं अंतर सरळ धावते. या जागेला मी पालट म्हणेन. तिच्याकडे सहसा कुणी बघत नाही. मोडतं, साचतं, निसटतं ते मात्र पुष्कळदा तिथंच.

सुरुवात सापाच्या कण्यापासून. बहुतेक जातींत मणके २०० ते ४००च्या घरात असतात. एखादा मणका हातात धरून पाहिला तर पुढच्या बाजूला वाटीसारखा खळगा आणि मागच्या बाजूला गोटीसारखा उंचवटा दिसतो. पुढच्या मणक्याची गोटी मागच्याच्या वाटीत बसते. गोटी-वाटीचा सांधा हवा तसा फिरतो, आणि सापाला नेमकं तेच परवडणारं नसतं. शेकडो सांधे पिळले जाऊ लागले तर आतल्या मज्जारज्जूचं काही खरं नाही. म्हणून वाटीच्या वरच्या अंगाला पाचरीसारखा एक तुकडा असतो आणि त्याच्याच मापाची खाच पुढच्या मणक्याच्या मागच्या बाजूला. पाचर खाचेत बसली की बाजूला झुकणं मोकळं राहतं, पीळ जवळजवळ बंद होतो. एका सांध्याचं बाजूला झुकणं साधारण १० ते २० अंश. १५ धरले तर २४ सांध्यांत पूर्ण वर्तुळ होतं. सापाचं घट्ट वेटोळं पाहून वाटतं की याला हाडंच नसावीत; प्रत्यक्षात ती पुष्कळ हाडांच्या थोड्या थोड्या झुकण्याची बेरीज असते.

गवतातून जाणारा साप नीट पाहिला तर त्याचं सगळं अंग एकाच वाटेनं जाताना दिसतं. डोकं ज्या दगडाला वळसा घालून गेलं, त्याच दगडाला पोट वळसा घालतं आणि शेवटी शेपटीही. लाट डोक्याकडून शेपटीकडे सरकत असते, पण जमिनीवरून पाहणाऱ्याला ती जागच्या जागी थांबल्यासारखी वाटते. प्रत्येक वळण मागच्या दगडाला, गवताच्या ठोंबाला, मातीच्या उंचवट्याला रेटत असतं. असे निदान तीन आधार लागतात, दोन एका बाजूला आणि एक दुसऱ्या. त्याहून कमी असले तर अंग नुसतं फिरतं. गुळगुळीत काचेवर ठेवलेला साप वळवळत राहतो आणि पुढे सरकत नाही, तो याचमुळे.

आता यात पालटाचं काम काय ते बघू. फुगवट्याच्या माथ्यावर सापाचं अंग प्रवासाच्या दिशेला समांतर असतं. तिथं दिलेला रेटा सरळ बाजूला जातो, पुढं जायला त्याचा उपयोग नाही. पालटाशी अंग सर्वांत तिरकं असतं, आणि रेट्याचा पुढं नेणारा वाटाही तिथंच सर्वांत मोठा. सपाट जमिनीवर दगडांचा आधार नसतो तेव्हा साप पोटाच्या खवल्यांवर विसंबतो. पुढे सरकताना ते कमी घासतात, मागे किंवा बाजूला घसरताना जास्त धरून ठेवतात. आणि तो आणखी एक गोष्ट करतो, जी २००९ मधल्या एका अभ्यासात तपासली गेली: फुगवट्यांचे माथे किंचित उचलून धरतो आणि वजन पालटांवर टाकतो. म्हणजे आपल्याला जो भाग देखणा वाटतो, तो त्या क्षणी जवळजवळ अधांतरी असतो.

मोकळ्या वाळूत ही चालही पुरत नाही, कारण वाळू रेट्याबरोबर वाहून जाते. फुरसं तिथं तिरपं धावतं. अंगाचे दोन तुकडे वाळूवर टेकलेले, मधले उचललेले, आणि टेकण्याची जागा सतत शेपटीकडे सरकत जाणारी. टेकलेला तुकडा घसरत नाही, नुसता टेकतो आणि उठतो. फुरशाची वेटोळीही बघण्यासारखी असतात. धोका दिसला की ते शेजारी शेजारी दोन-तीन वळणं घालून बसतं आणि लागून असलेली वळणं एकमेकांच्या उलट दिशेनं फिरवतं. कुशीवरच्या तिरप्या खवल्यांच्या कण्याला करवतीसारखे दाते असतात. ते एकमेकांवर घासले की तापलेल्या तव्यावर पाणी पडल्यासारखा आवाज येतो. फुत्कार टाकताना श्वासाबरोबर ओलावा जातो; कोरड्या मुलखातल्या सापाला तोही वाचवावा लागतो. हा आवाज कानावर आला की पाऊल जागीच थांबवावं, साप कुठं आहे ते डोळ्यांनी पक्कं करावं आणि मगच मागे सरकावं. आधी मागे उडी मारणारा माणूस कुठं पडेल याचा भरवसा नसतो.

विटांची नागमोडी भिंत हे या रेघेचं मला सर्वांत आवडतं रूप, कारण तिथं हिशेब उघड्यावर मांडलेला असतो. इंग्लंडमधल्या सफोक परगण्यात अशा बागेच्या भिंती पुष्कळ आहेत आणि तिथं त्यांना क्रिंकल-क्रँकल म्हणतात. अमेरिकेत माजी राष्ट्राध्यक्ष टॉमस जेफर्सननं व्हर्जिनिया विद्यापीठाच्या बागांना अशाच भिंती घातल्या. कल्पना त्याची नव्हती, इंग्लंडमध्ये ती आधीपासून होती. या भिंती अर्ध्या विटेच्या, म्हणजे आपले गवंडी जिला साडेचार इंची म्हणतात तशा. अशी सरळ भिंत १.२ मीटर उंच बांधली तर तिचा गुरुत्वमध्य ६० सेंटिमीटरवर आणि पायाशी टेकायला मधोमधपासून दोन्हीकडे जेमतेम ५-५ सेंटिमीटर. चुन्या-सिमेंटची पकड सोडून दिली तर पाच अंशांच्या आत कलली की ती पडणार. इलाज दोन: विटा दुप्पट लावून नऊ इंची करायची, नाहीतर ठरावीक अंतरावर टेकूचे खांब काढायचे. तिसरा इलाज नागमोडी वळणाचा. तीच भिंत ६० सेंटिमीटरची झोळ (डाव्या माथ्यापासून उजव्या माथ्यापर्यंतचं आडवं अंतर) घेत गेली की तिचा पाया एकूण ७० सेंटिमीटर पसरतो. भिंत अखंड राहते असं धरलं तर तिला लोटायला जवळपास सातपट जोर लागतो. विटा किती वाढतात? शेकडा चार-पाच.

बांधणाऱ्यांचा ठोकताळा असा: १०० मिलिमीटर जाडीच्या भिंतीत वळणाची त्रिज्या उंचीच्या दुपटीहून जास्त नको, झोळ उंचीच्या निम्म्याहून कमी नको, आणि उंची जाडीच्या १५ पटींच्या आत. १.२ मीटर उंचीला त्रिज्या २.४ मीटर आणि झोळ ०.६ मीटर. आखणी दोरी आणि खुंट्यांवर होते. आधी भिंतीच्या मधोमध सरळ दोरी ताणायची आणि तिच्यावर दर २.३२ मीटरला खुंटी ठोकायची. या खुंट्या म्हणजे पालट. मग प्रत्येक दोन खुंट्यांच्या मध्यावरून गुण्या लावून काटकोनात २.१० मीटरवर केंद्राची खुंटी, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. त्या खुंटीला २.४० मीटरची दोरी बांधून चुना टाकत कंस फिरवायचा. सगळं बरोबर आहे की नाही हे बघायची एकच तपासणी पुरते: लागोपाठच्या दोन केंद्रखुंट्यांमधे दोरी ताणली तर ती मधल्या पालटाच्या खुंटीवरूनच गेली पाहिजे आणि लांबी ४.८० मीटर भरली पाहिजे. ती बोटभर जरी बाजूला गेली तरी तिथं दोन कंस गुळगुळीत जुळणार नाहीत, कोपरा पडेल. तो कोपरा पहिल्या रद्द्यात, म्हणजे विटांच्या पहिल्या थरात, कळत नाही. दहाव्या रद्द्यात लांबूनही दिसतो.

पालटाशी गवंडी आणखी एक चूक करतो, आणि ती त्याच्या सवयीतून येते. रेघ तिथं जवळजवळ सरळ असल्यामुळे तो दोन-तीन विटा सरळ ओळीत लावून टाकतो. प्रत्येक रद्द्यात असं झालं की सरळ तुकडा हातभर लांब होतो, आणि तेवढ्या लांबीपुरती ती पुन्हा साडेचार इंची सरळ भिंतच राहते. ताणलेली दोरी इथं कामाची नाही. प्लायवूडचा कंसाच्या आकाराचा फर्मा कापून प्रत्येक रद्द्यावर ठेवून बघावा लागतो, आणि ओळंबा माथ्यावर सोडतो तसा पालटावरही सोडावा लागतो. विटांमधल्या सांध्यांचा, म्हणजे दर्जांचाही हिशेब आहे. दर्जासकट २३० मिलिमीटरची वीट २.४ मीटर त्रिज्येवर लावली तर बाहेरचा उभा दर्जा आतल्यापेक्षा सुमारे १० मिलिमीटर रुंद होतो, म्हणजे आत ५ आणि बाहेर १५. हे चालतं. त्रिज्या निम्मी केली की आत विटेला वीट टेकते आणि बाहेर २० मिलिमीटरची फट उघडते. तिथं अर्धुकं, म्हणजे अर्ध्या विटा, लावल्याशिवाय गत्यंतर नाही. भिंतीचं मोकळं टोक पालटावर कधीच संपवू नये. तिथं एक खांब तरी काढावा किंवा शेवटचा कंस घट्ट आत वळवावा. आणि पाया नागमोडी खणायच्या फंदात न पडता झोळीच्या दोन्ही बाजूंना पुरेल असा एकच रुंद सरळ पट्टा घालावा.

वळण किती असावं याचं उत्तर चित्रकारांनीही शोधलं आहे. विल्यम हॉगर्थ या इंग्रज चित्रकारानं १७५३ मध्ये सात नागमोडी रेघा शेजारी शेजारी काढल्या, जवळजवळ सरळ रेघेपासून बेढब फुगलेल्या रेघेपर्यंत, आणि सौंदर्याची रेघ म्हणून मान दिला फक्त चौथीला. पाठीचा कणा तपासणारे डॉक्टर तेच अंशांत मोजतात. बाजूनं पाहिलं तर मान पुढे वळलेली, छाती मागे, कंबर पुन्हा पुढे. छातीचं वळण साधारण २० ते ४५ अंश, कमरेचं ४० ते ६०. जन्मतः कणा एकाच बाकाचा असतो. तीन-चार महिन्यांचं बाळ मान धरू लागतं तसं मानेचं वळण पक्कं होतं. बसू, उभं राहू, चालू लागतं तसं कमरेचं. म्हणजे माणसाची नागमोडी रेघ जन्मासोबत पुरती येत नाही, वजन उचलता उचलता घडते.

कण्याच्या पालटांपैकी महत्त्वाचा आहे तो छाती आणि कंबर यांच्या सांध्यावरचा. वरचे बारा मणके बरगड्यांच्या पिंजऱ्यात जखडलेले, खालचे पाच मोकळे. बारावा मणका दोन्हीकडचा: त्याची वरची सांधेपृष्ठं बहुधा छातीच्या मणक्यांसारखी बसवलेली असतात, खालची कमरेच्या मणक्यांसारखी. वरून पिळायची परवानगी, खालून वाकायची. उंचावरून टाचांवर पडलेल्या किंवा गाडीच्या अपघातात सापडलेल्या माणसाचा मणका दबतो तेव्हा तो पुष्कळदा या शिवेवरचाच असतो, छातीचा अकरावा-बारावा नाहीतर कमरेचा पहिला-दुसरा. गळ्याखालच्या आडव्या हाडाचंही तसंच आहे. कॉलरबोन वरून पाहिलं तर इंग्रजी एस अक्षरासारखं दिसतं. आतला दोन-तृतीयांश भाग पुढे फुगलेला, बाहेरचा एक-तृतीयांश मागे गेलेला. खांद्यावर पडलं की ते बहुतेक वेळा मधल्या एक-तृतीयांश भागात, वळण पालटतं त्याच पट्ट्यात मोडतं.

कणा बाजूला वळला तर ती वेगळी गोष्ट, आणि तिथं नागमोडी रेघ फसवते. मागून पाहिल्यावर कणा सरळ दिसायला हवा. तो एक्स-रेवर १० अंश किंवा जास्त वाकलेला असला आणि मणके फिरलेलेही असले की त्याला स्कोलिओसिस म्हणतात. एकच बाक असेल तर एक खांदा वर, एक कंबर आत, आणि घरच्यांच्या लक्षात येतं. पण छातीत उजवीकडे आणि कमरेत डावीकडे असे दोन बाक समसमान असले तर दुसरं वळण पहिल्याची फेड करतं. मानेच्या तळाशी ओळंबा सोडला तर तो माकडहाडाच्या रेषेत पडतो, खांदे सारखे दिसतात आणि दुखणं वर्षभर लपून राहतं. म्हणून उभं करून बघणं पुरेसं नाही. पाठ उघडी ठेवून, पाय जुळवून, गुडघे ताठ ठेवून, दोन्ही तळवे जोडून मुलाला कमरेतून हळूहळू वाकायला सांगावं आणि मागून, डोळे त्याच्या पाठीच्या पातळीवर आणून बघावं. कणा नुसता वाकत नाही, मणके फिरतातही, त्यामुळे बाकाच्या बाहेरच्या बाजूच्या बरगड्या उंच होतात आणि वाकल्यावर पाठीवर एका अंगाला उंचवटा दिसतो. दुसरा बाक असेल तर कमरेत विरुद्ध बाजूला तसाच. पाठीवर आडवं ठेवायचं मोजपट्टीसारखं साधन ५ ते ७ अंशांहून जास्त तिरकेपण दाखवत असेल तर अस्थितज्ज्ञांकडे जावं. वाढीच्या वयात दर चार-सहा महिन्यांनी पुन्हा बघावं, कारण बाक वाढतो तो उंचीबरोबर. उंची वाढायची बाकी असेल आणि बाक २५ अंशांच्या पुढे गेला तर पट्टा, ४५-५०च्या पुढे गेला तर शस्त्रक्रियेचा विचार. ही तपासणी घरात दोन मिनिटांत होते. ती न केल्यामुळे वाढीची वर्षं निसटून गेलेली मुलं पाहिली की जीव तुटतो.

पोटातली वेटोळी मात्र वेगळ्या कारणानं पडतात. लहान आतड्याची लांबी साधारण सहा मीटर सांगितली जाते. जिवंतपणी स्नायूंच्या ताणामुळे ती पुष्कळ कमी भरते. ते ज्या पातळ पडद्यानं पाठीच्या भिंतीला टांगलेलं असतं, त्या पडद्याचं बूड मात्र फक्त १५ सेंटिमीटर. गर्भात आतडं पडद्याहून जोरात वाढतं. पडदा ताणला जातो, आतडं दुमडतं आणि वळणं पडतात. २०११ मध्ये संशोधकांनी हे दाखवताना रबराचा पातळ पडदा ताणून धरला, त्याच्या कडेला रबराची नळी शिवली आणि पडदा सैल सोडला. नळीनं आपोआप आतड्यासारखी वेटोळी घातली. कोंबडीच्या गर्भात आतडं पडद्यापासून सोडवलं तर ते सरळ होत गेलं. वळणांचा आराखडा आतड्यात कुठं लिहून ठेवलेला नसतो, तो वाढीच्या वेगांच्या भांडणातून निघतो.

त्या १५ सेंटिमीटरवर सगळं टांगलेलं असतं. गर्भात आतडं सहाव्या आठवड्याच्या सुमाराला नाळेत उतरतं आणि दहाव्या आठवड्यापर्यंत फिरत फिरत पोटात परततं, एकूण सुमारे २७० अंश. हे फिरणं अर्धवट राहिलं तर पडद्याचं बूड अरुंद राहतं आणि सगळं आतडं जणू एका देठावर लोंबतं. देठ पिळला की रक्त बंद. नवजात बाळानं हिरवी उलटी केली तर पोट बिघडलं असेल म्हणत वाट बघू नये. त्याच तासाला बालरुग्ण शस्त्रक्रियेची सोय असलेल्या ठिकाणी न्यावं. मोठ्यांमध्ये हाच प्रसंग मोठ्या आतड्याच्या शेवटच्या वळणावर येतो. त्याला सिग्मॉइड म्हणतात, ग्रीक सिग्मा या अक्षरावरून. ते वळण लांबलं आणि त्याची दोन टोकं जवळ आली की पीळ पडायला निमित्त पुरतं. पोट फुगून ताठ, वारा-शौच बंद, आणि एक्स-रेवर कॉफीच्या बीसारखा प्रचंड आकार.

चेहऱ्याची धमनी जबड्यावरून नाकाच्या कडेकडे वळत वळत जाते, कारण तोंड उघडताना, गिळताना, हसताना तिला लांबी लागते. वाफेच्या किंवा गरम पाण्याच्या पाइपात इंजिनिअर नेमकी हीच सोय करतात. १०० मीटर पोलादी पाइप ५० अंशांनी तापला की ६० मिलिमीटर वाढतो, म्हणून मधे एक वळसा सोडतात. आणि मग कुणीतरी हलतोय म्हणून तो वळसाच भिंतीला पक्का आवळतो, आणि वाढ जोडांवर जाऊन तिथून गळती सुरू होते.

नदीकडे यायला उशीर झाला. नदी का वळते याचं छोटं रूप चहाच्या कपात दिसतं: चमच्यानं ढवळलं की तळाची पत्ती कडेला न जाता मधे गोळा होते. तळाशी घासल्यामुळे पाणी मंदावतं, बाहेर फेकलं जाण्याची ओढ कमी पडते आणि कडेचा दाब त्याला आत लोटतो. आइन्स्टाइननं १९२६ मध्ये यावरूनच नदीची वळणं समजावली. वळणावर वरचं पाणी बाहेरच्या काठावर आदळून तो खणतं, खालचं पाणी वाळू घेऊन आतल्या काठाला येतं आणि टाकतं. म्हणून बाहेर डोह, आत वाळवंट. एका लाटेची लांबी पात्राच्या रुंदीच्या १० ते १४ पट भरते. ओढा २० मीटर रुंद असेल तर दर १०० ते १४० मीटरला एक पालट येणार.

आणि तिथं नदीला उतार मिळतो, म्हणजे पायी ओलांडण्याजोगी उथळ जागा. पालटाशी प्रवाह एका काठाकडून दुसऱ्या काठाकडे जात असतो, कुठंच खोल खणत नाही, पात्र रुंद आणि उथळ, तळाशी गोटे, पाणी खळखळतं. पायी ओलांडायचं तर हीच जागा. पण ओलांडणारे एक गोष्ट विसरतात: प्रत्येक उताराच्या खाली पुढच्या वळणाचा डोह असतो. पाय सुटला तर माणूस तिकडेच जाणार. म्हणून पाण्यात उतरण्याआधी खालचं वळण चालत जाऊन बघून यावं, पाठपिशवीचा कमरपट्टा सोडावा, काठी प्रवाहाच्या वरच्या अंगाला रोवावी, आणि वेगाचं पाणी गुडघ्याच्या वर असेल तर परत फिरावं.

वळणं काढून टाकली की काय होतं याचा धडा फ्लॉरिडातल्या किसिमी नदीनं दिला. पूर आवरायचा म्हणून १९६२ ते १९७१ या काळात १६६ किलोमीटरच्या नागमोडी नदीचा ९० किलोमीटरचा सरळ कालवा केला. पूर आवरला; पाणथळ जमीन सुकली, पाणपक्षी गेले, कालव्याच्या तळाचा प्राणवायू घटला. मग कालव्याचे काही भाग बुजवून जुनी वळणं मोकळी करण्यात दोन दशकांहून जास्त काळ गेला. ते काम २०२१ मध्ये पुरं झालं आणि सुमारे ७० किलोमीटर नदी परत मिळाली. बाकीची मिळाली नाही.

डोंगरवाटेत मात्र उलटं असतं, हे कबूल करायला हवं. तिथं पालट लांबलचक आणि निर्धोक, दुखणं सगळं वळणावर. १०० मीटर चढायचं आणि चढ शेकडा दहा ठेवायचा तर वाट एक किलोमीटर लांब करावी लागते, म्हणून ती दुमडायची. दुमडीपाशी वरची आणि खालची वाट जवळ येते, चालणाऱ्याला खालची दिसते आणि तो मधून उतरतो. दहा माणसं उतरली की नवी घसरण, पहिल्या पावसात तिचा ओहोळ आणि दोन हंगामांत वळणच वाहून जातं. पाटी लावून हे थांबत नाही. वळण मोठ्या खडकाला किंवा दाट झाडाला वळसा घालून आखावं, म्हणजे खालची वाट दिसणारच नाही. दोन वळणांतलं अंतर वाढवावं. वाटेला बाहेरच्या अंगाला शेकडा पाच उतार द्यावा म्हणजे पाणी वाटेवरून न धावता आडवं निघून जाईल. गाडीरस्त्यांत आल्प्समधला स्टेल्व्हिओ घाट १८२५ मध्ये पुरा झाला. माथा २,७५७ मीटर, एका बाजूला ४८ हेअरपिन वळणं.

दगड-धातूतले साप जगभर आहेत, त्यांतला एकच इथं घेतो. मेक्सिकोतल्या चिचेन इत्झाच्या पिरॅमिडवर विषुवदिनाच्या दुपारी उशिरा पायऱ्यांच्या नऊ टप्प्यांची सावली उत्तरेच्या जिन्याच्या कठड्यावर पडते, उजेडाचे त्रिकोण एकाखाली एक उतरतात आणि तळाशी कोरलेल्या सापाच्या मस्तकाला मिळतात. त्याच एका दिवशी दिसतं असं सांगतात, पण विषुवदिनाच्या मागेपुढे काही दिवस ते दिसत राहतं. गर्दी टाळायची असेल तर हे ध्यानात ठेवण्यासारखं. तिथंही साप साकारतो तो उजेड आणि सावली जिथं पालटतात त्या कडेवर.

वाळूत सापाचा माग दिसला तर तो कुठं गेला हे सांगता येतं. सरळ नागमोडी चालीत प्रत्येक वळणाच्या मागच्या कडेला रेटलेल्या वाळूची बारीक वरंबी साचते. वरंबी ज्या बाजूला, त्याच्या उलट दिशेला साप गेला. फुरशाचा माग सलग नसतोच. एकमेकींना समांतर सुट्या तिरप्या रेघा असतात, आणि प्रत्येकीच्या एका टोकाला इंग्रजी जे अक्षरासारखा लहानसा आकडा. आकडा ज्या दिशेला, साप तिकडे गेला. हे बघायचं तर सकाळी लवकर बघावं, ऊन तिरपं असताना. वारा सुटला की आधी वरंब्या जातात आणि मग रेघा.